स्टॉप दाबूनही मशीन थांबत नाही? समजून घ्या कंट्रोल ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचं महत्त्व

कारखान्यातल्या मशीनची मोटर साधारणपणे ४१५ व्होल्टच्या थ्री-फेज पुरवठ्यावर चालते. मात्र ती चालू-बंद करणारी बटणं, रिले आणि कॉन्टॅक्टर यांना अनेकदा ११० किंवा २३० व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. त्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवतात. त्याचा न्यूट्रल अर्थ केला आहे की नाही, यावर कामगाराची सुरक्षितता अवलंबून असते.

न्यूट्रल येतो कुठून?

या ट्रान्सफॉर्मरची दोन्ही वाइंडिंग एकमेकांना तारेने जोडलेली नसतात. ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. त्यामुळे मुख्य पुरवठ्याचा न्यूट्रल पलीकडे आपोआप पोहोचत नाही. बाहेर येणाऱ्या दोन तारांपैकी एक अर्थला जोडली, की तीच न्यूट्रलचं काम करते.

अर्थ केलंच नाही तर?

समजा, स्टॉप बटणाकडे जाणाऱ्या वायरचं इन्सुलेशन घासलं आणि ती मशीनच्या लोखंडी बॉडीला टेकली. फ्यूज उडत नाही, मशीन चालूच राहतं आणि दोष कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढे कधीतरी स्टार्ट बटण आणि कॉन्टॅक्टरची कॉइल यांच्यामधली वायरही बॉडीला टेकली, तर विजेला बॉडीतून थेट कॉइलपर्यंत रस्ता मिळतो. स्टार्ट न दाबताच मोटर फिरू लागते. स्टॉप दाबलं तरी ती थांबत नाही.

अर्थ केलेलं असेल, तर पहिली वायर टेकताच शॉर्ट सर्किट होऊन फ्यूज उडतो. मशीन थांबतं आणि दोष तिथेच पकडला जातो.

जोडणीत काय पाहायचं?

- अर्थची जोडणी ट्रान्सफॉर्मरजवळ, एकाच ठिकाणी असावी. ती अनेक ठिकाणी केली, तर नेहमीचा करंटही अर्थच्या तारेतून आणि मशीनच्या बॉडीतून वाहू लागतो.
- कॉइलचं एक टोक थेट न्यूट्रलला जोडावं. बटणं आणि इतर सगळे कॉन्टॅक्ट दुसऱ्या, म्हणजे फेजच्या बाजूला असावेत. बटण न्यूट्रलच्या बाजूला असेल, तर बटण आणि कॉइल यांच्यामधली एकच वायर बॉडीला टेकली तरी मोटर सुरू होऊ शकते.
- फ्यूज फेजच्या तारेत असावा. फक्त न्यूट्रलमधला फ्यूज उडाला, तर मशीन बंद दिसतं, पण वायरिंगमध्ये वीज तशीच राहते.

अर्थ न करण्याची मुभा असते का?

असते. मशीनच्या विद्युत सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक ‘आयईसी ६०२०४-१’ अर्थ न केलेलं कंट्रोल सर्किटही चालवून घेतं. मात्र त्यावर इन्सुलेशनची सतत तपासणी करणारं उपकरण हवं. पहिला दोष येताच ते इशारा देतं किंवा पुरवठा तोडतं. अचानक वीज जाणं परवडत नाही अशा ठिकाणी, उदाहरणार्थ ऑपरेशन थिएटरमध्ये, याच तत्त्वावर इशारा देणारी व्यवस्था वापरतात.

अर्थिंग आणि असं उपकरण, दोन्ही नसतील, तर पहिला दोष लपून राहतो आणि धोका दुसऱ्या दोषानंतरच दिसतो. ही तपासणी पुरवठा बंद करून, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.