ताल रक्तात नसतो, हातात येतो

"आफ्रिकन माणसाच्या रक्तातच ताल असतो." हे वाक्य कौतुक म्हणून बोललं जातं. आपल्या चळवळीतले मित्रही ते सहज बोलून जातात. आमचा त्याला विरोध आहे. गुण जन्मावरून ठरतो असं एकदा मान्य केलं, की वर्णव्यवस्थेला दार उघडं झालंच म्हणून समजा.

आता प्रत्यक्ष वाद्य पाहू. पश्चिम आफ्रिकेतल्या माली आणि गिनी या देशांत मांडे भाषिक लोक जेंबे वाजवतात. लाकडी खोड कोरून केलेला हा ढोल बकरीच्या कातड्याने मढवतात आणि नुसत्या हातांनी वाजवतात. त्याचे मूळ आघात तीन. पानाच्या मधोमध सपाट तळवा टाकून लगेच उचलला की खर्ज घुमतो. कडेजवळ बोटं जुळवून सपाट मारली की मोकळा, गोल स्वर निघतो. तिथेच बोटं सैल सोडून टोकांनी फटका दिला की कडक, तीक्ष्ण आवाज येतो. दोन्ही वेळा अंगठा कडेपासून दूर ठेवायचा. दुसरा आणि तिसरा आघात वेगळा ऐकू यायलाच नवशिक्याला बराच सराव लागतो. ताल रक्तात असता, तर हा सराव कशाला लागला असता?

मांडे समाज जातीसारख्या भेदांपासून मुक्त नव्हता. लोखंड आणि लाकडाचं काम करणारे नुमू, गाणारे-इतिहास सांगणारे जेली हे जन्माने ठरणारे आणि आपसातच लग्न करणारे गट होते. कोरा, बालाफोन ही वाद्यं जेलींची. जेंबे मात्र कोणत्याही घरात जन्मलेला माणूस शिकू शकत होता. म्हणजे त्याच समाजात जन्माची अट नसलेली विद्याही टिकली.

समुद्रापलीकडचा इतिहास याहून बोलका आहे. सप्टेंबर १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी बंड केलं आणि ढोल वाजवत ते निघाले. बंड चिरडलं गेलं. १७४० च्या कायद्याने गुलामांना ढोल आणि शिंग बाळगायला बंदी केली, आणि त्याच कायद्याने त्यांना लिहायला शिकवणं हा गुन्हा ठरवला. ढोल आणि अक्षर, दोन्ही एकाच कायद्यात! मालकांना पक्कं कळलं होतं की दोन्हींतून माणसं एकमेकांशी बोलतात आणि एकत्र येतात. तरी लोक थांबले नाहीत. मांड्या, छाती आणि तळवे यांवर ताल धरणारा 'जुबा' अमेरिकेतल्या गुलामवस्त्यांत वाजत राहिला.

अक्षरबंदी म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आपल्याकडे तर उलटाही प्रकार झाला. हलगी वाजवणं ही काही जातींवर लादलेली गावकी होती. ढोल तिथे हिसकावला गेला, इथे गळ्यात बांधला गेला. दोन्हीकडे निर्णय वाजवणाऱ्याचा नव्हता. म्हणून गावकीची हलगी नाकारणारा आणि भीमजयंतीला स्वतःच्या मर्जीने ढोल वाजवणारा, हे दोघेही एकाच लढ्यातले आहेत.

तेव्हा मित्रांनो, जेंबे शिका, हलगी शिका, मुलींनाही शिकवा. फक्त कुणी म्हणालं, "तुमच्या रक्तातच आहे," तर त्याला आपले तळहात दाखवा. त्यावर घट्टे पडलेले असतात.

जय भीम!