गवळणीतली मावशी आणि टीव्हीवरची शांताबाई

काही वर्षांपूर्वी आमच्या गटांनी सोमवारची रात्री आठची बैठक संध्याकाळी सहाला आणली. ठरावात कारण लिहिलं, ‘सर्वांच्या सोयीसाठी’. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. साडेनऊला ‘चला हवा येऊ द्या’ लागायचं, आणि त्याआधी भाकरी-कालवण, भांडी, सगळं उरकायचं असायचं.

2014 च्या ऑगस्टमध्ये झी मराठीवर हा कार्यक्रम सुरू झाला. त्याची घडण तुम्हाला तोंडपाठ आहे. थुकरटवाडी नावाचं एक खोटंखोटं गाव. डॉ. निलेश साबळे सूत्रधार. नव्या सिनेमाची मंडळी पाहुणी म्हणून यायची, गप्पा व्हायच्या, मध्येच भाऊ कदम, कुशल बद्रिके, भारत गणेशपुरे येऊन त्या गप्पांचं वाटोळं करायचे. मग एखाद्या गाजलेल्या सिनेमाची नक्कल. आणि हसून हसून पोट दुखलं की सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांनी लिहिलेलं पत्र वाचायचे, ते ऐकून डोळ्यांना पदर लागायचा. मुलाखत, नाटुकली, नाचगाणं, रडू, सगळं एका ताटात.

आम्हाला वाटायचं, हे टीव्हीवाल्यांनी नव्याने शोधलं. आमच्या गटातल्या सर्वांत वयस्कर आजी म्हणाल्या, “नवं कसलं? जत्रेतला तमाशा असाच असायचा की!” आम्ही विचार केला, तर आजींचं खरं होतं.

तमाशात आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गवळण. राधा आणि गवळणी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, सोबत मावशी. वाटेत कृष्ण आणि त्याचा पेंद्या आडवे येतात आणि तिथून सवालजवाब रंगतात. तू कोण, रस्ता का अडवतोस, दाण कसला मागतोस? मावशी देवालाही सोडत नाही. आता बघा, ही मुलाखतच झाली की! त्यानंतर बतावणी, म्हणजे सोंगाड्याची हजरजबाबी. ज्या गावात खेळ असेल तिथल्या पुढाऱ्यांचे चिमटे तो जागच्या जागी काढायचा. शेवटी वग, म्हणजे पूर्ण कथा. टीव्हीवर क्रम बदलला, वेळ आखडली, मध्ये साबणाच्या जाहिराती आल्या. पण पाहुण्याला खुर्चीत बसवून त्याची फिरकी घ्यायची, ही रीत जुनीच.

मधले टप्पेही आहेत. 1965 मध्ये वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं आणि दादा कोंडक्यांनी सोंगाड्याला शहरातल्या थिएटरात नेलं. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. तिथे तबस्सुमबाई हिंदीतून सिनेमातल्या लोकांशी हसत-खेळत गप्पा मारायच्या, त्या थेट 1993 पर्यंत. टीव्हीवर पाहुण्यांना बोलतं करणाऱ्या सुरुवातीच्या माणसांत एक बाई होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. 1999 मध्ये अल्फा मराठी, म्हणजे आताचं झी मराठी, आलं आणि मराठी विनोदाला रोजची जागा मिळाली.

आता मावशीकडे परत येऊ. ही मावशी म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. पूर्वी तर राधासुद्धा पुरुषच व्हायचा, कारण बाईने फडावर उभं राहायचं नाही. ती चाल मोडणाऱ्यांत पहिलं नाव घेतात संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या पवळाबाईंचं. शाहीर पठ्ठे बापूरावांच्या फडात त्या नाचल्या, गायल्या आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पुढे विठाबाई नारायणगावकर झाल्या. खेळ चालू असताना पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असं सांगतात. राष्ट्रपती पदक मिळालं, तरी म्हातारपण हलाखीत गेलं.

बायका फडावर आल्या, पण मावशी पुरुषाचीच राहिली. नाच बाईचा आणि हशा पुरुषाचा, अशी वाटणी होऊन बसली. टीव्हीवर भाऊ कदमांची शांताबाई बघून आम्हीही खूप हसलो, खोटं कशाला बोला! पण थुकरटवाडीच्या त्या मुख्य मंडळीत बाई म्हणजे श्रेया बुगडे एकटीच. पुरुषांच्या बरोबरीने नकला करून टाळ्या घेणारी. एकूणच अशा कार्यक्रमांत बायकोच्या जाडीवर, रंगावर, लग्न न जमण्यावर हमखास विनोद असतात. घरातले पुरुष त्यावर जरा जास्तच मोठ्याने हसतात, हे तुम्हीही पाहिलं असेल.

पण बोट दाखवावं तर आमच्याकडेही दाखवावं लागेल. एका 8 मार्चला समाजमंदिरात आम्ही असाच कार्यक्रम बसवला. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सरपंचबाई आणि अंगणवाडीताई पाहुण्या, एक मैत्रीण सूत्रधार, मध्ये नाटुकली, शेवटी माहेरच्या आईला लिहिलेलं पत्र. नाटुकलीत हप्ता थकवणारी एक बाई घेतली होती. नाव नव्हतं घेतलं. पण गावात कोणाचे हप्ते थकलेत ते कोणाला माहीत नसतं? हशा पिकला. तीही हसली. पुढच्या दोन बैठकांना मात्र आली नाही.

आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. चहा केला तिने, पण बोलली नाही. निघताना उंबऱ्याशी म्हणाली, “बैठकीत विचारलं असतं तर सांगितलं असतं. नवऱ्याच्या दवाखान्याला लागले पैसे.”

त्यानंतर आम्ही ठराव लिहिला, आणि या वेळी खरं कारण लिहून. नाटुकली आधी बैठकीत वाचायची. जिच्यावर विनोद आहे तिला पटला तरच ठेवायचा, आणि ते पात्र तिनेच करायचं. पुढच्या वर्षी तिने दोन कामं मागितली, हप्ता थकवणारी आणि वसुलीला येणारा साहेब. नवऱ्याची पॅन्ट घातली, डोक्यावर टोपी बदलत बदलत स्वतःच सवाल, स्वतःच जवाब. सरपंचबाईंना हसू आवरेना. आम्ही मिशी आणली होती पुठ्ठ्याची. ती तिने बाजूला ठेवली आणि काजळाने स्वतःची काढली.