अत्थचरिया आणि नाशिकच्या शांताबाई दाणी

नाशिकच्या पांडवलेण्यांत, म्हणजेच शिलालेखांतील त्रिरश्मी पर्वतावर, दहाव्या लेण्याच्या अंगणातील भिंतीवर एका स्त्रीचा लेख आहे. आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी ‘शकानिका’ उपासिका विष्णुदत्ता हिने येथील विहारात राहणाऱ्या भिक्खुसंघातील आजाऱ्यांच्या औषधोपचारासाठी अक्षयनीवी ठेवली. कार्षापणांची ही रक्कम कुलरिक, ओदयंत्रिक, तिलपिषक अशा श्रेणींकडे गुंतविली गेली. मुद्दल अबाधित राहावे आणि व्याजातून ‘गिलानभेसज’ चालावे, अशी ती योजना. विष्णुदत्ता कोणाची कन्या, कोणाची पत्नी, कोणाची माता, हेही लेखात नोंदलेले आहे. सुमारे सतराशे वर्षांनंतर तिचे नाव आपण वाचू शकतो, कारण तिच्यापाशी द्रव्य होते. ज्या स्त्रियांनी द्रव्याऐवजी आयुष्याचे दिवस दिले, त्यांचा लेख कोठे शोधावा, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

पाली वाङ्मयात अशा कार्यासाठी एक नेमका शब्द आहे : अत्थचरिया. सिगालोवाद सुत्तात दान, पेय्यवज्ज, अत्थचरिया आणि समानत्तता ही चार संगहवत्थूंची, म्हणजे माणसे जोडून ठेवणाऱ्या गोष्टींची, नावे येतात. दान पहिले आहे खरे. परंतु अत्थचरिया म्हणजे दुसऱ्याच्या हितासाठी प्रत्यक्ष झटणे, आणि समानत्तता म्हणजे त्याच्याशी बरोबरीने वागणे. शेवटची अट सर्वांत कठीण. नागपूरच्या जाईबाई चौधरी यांनी नागपूर ते कामठी ओझी वाहून पोट भरले, शिकून शिक्षिका झाल्या आणि चोखामेळ्याच्या नावाने अस्पृश्य मुलींची शाळा काढली. त्याच जाईबाईंना १९३७ साली नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेत जेवणाच्या वेळी वेगळे बसविण्यात आले. त्या परिषदेत स्त्रियांच्या व मुलांच्या कल्याणाची चर्चा होत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे समानत्ततेवाचून होणाऱ्या परोपकाराचे स्वरूप कळते.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्याच महिला परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना मुलांना शिकविण्याचा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा रुजविण्याचा आणि स्वच्छतेचा उपदेश केला. तो ऐकणाऱ्या हजारो स्त्रियांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. खेड्यातील मुलीपुढे तर अडचण शाळेच्याही आधीची होती. शाळा तालुक्याला किंवा शहरात. तेथे राहायचे कोठे, जेवायचे कोणाकडे? भाड्याने खोली मागायला गेल्यास प्रथम जात विचारली जाई. म्हणून बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले आणि पुढे ठिकठिकाणी छात्रालये निघाली. चळवळीचा इतिहास सत्याग्रहांच्या तारखांनी लिहिला जातो. मला वाटते, तो वसतिगृहांच्या चुलींवरूनही लिहिता येईल. धारवाडच्या वसतिगृहात मुले उपाशी आहेत हे पाहून माता रमाईंनी आपल्या बांगड्या काढून दिल्या, ही आठवण आपल्या घराघरांत सांगितली जाते.

नाशिकमध्ये हे काम शांताबाई दाणी (१९१९–२००१) यांनी अंगावर घेतले. काळाराम मंदिर सत्याग्रह (१९३०–३५) आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा या घटनांनी नाशिक जिल्हा ढवळून निघाला, तेव्हा त्या शाळकरी वयाच्या होत्या. गरिबीतही आईने शिक्षणाचा आग्रह सोडला नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी त्यांना चळवळीत आणले. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या व्यासपीठावर त्या बोलू लागल्या. भूमिहीनांच्या लढ्यात त्या उतरल्या, १९६८ ते १९७४ या काळात विधान परिषदेच्या सदस्य होत्या. हा भाग पुष्कळांना ठाऊक आहे.

त्यापेक्षा शांतपणे चाललेले काम मुलांचे. रमाई आंबेडकरांच्या नावाचे मुलींचे वसतिगृह, कुणाल प्राथमिक शाळा, तक्षशिला विद्यालय या संस्थांशी शांताबाईंचे नाव जोडलेले आहे. पालीच्या व संस्कृतच्या अभ्यासकाला यांतील दोन नावे एकत्र पाहून थबकायला होते. दिव्यावदानातील कथेनुसार अशोकाचा पुत्र कुणाल याचे डोळे तक्षशिलेतच, राणी तिष्यरक्षितेच्या कपटी आज्ञेने काढले गेले. नावे ठेवताना हा संबंध कोणाच्या मनात होता, असा माझा दावा नाही. तरी ज्यांची दृष्टी हिरावून घेतली गेली त्यांच्या लेकरांच्या शाळेला हे नाव शोभते.

वसतिगृह चालविणे म्हणजे काय, याची कल्पना बाहेरून येत नाही. धान्य भरणे, आजारी मुलीजवळ रात्रभर बसणे, ऋतुप्राप्तीने घाबरलेल्या मुलीला धीर देणे, ‘आता लग्न ठरले’ म्हणून न्यायला आलेल्या बापाला समजावून परत पाठविणे. यांतले कोणतेही काम वार्षिक अहवालात येत नाही. विनय ग्रंथांत आजारी भिक्खूची सेवा कोणी व कशी करावी याचे तपशीलवार नियम आहेत; आपल्या वसतिगृहांतील बायांनी ते नियम न वाचता पाळले.

शांताबाईंचे ‘रात्रंदिन आम्हा’ हे आत्मकथन १९९० साली प्रसिद्ध झाल्यामुळे त्यांच्यापुरता तरी लेख उरला. त्यांच्याबरोबर राबलेल्या स्वयंपाकिणी, शिक्षिका, वस्तीतल्या शेजारणी यांचे काय? त्या काळातील विद्यार्थिनी आज आजी झालेल्या आहेत. नाशिक, मनमाड, येवला, निफाड या भागांतील विहारांत वर्षावासाच्या काळात ग्रंथवाचनासाठी स्त्रिया जमतात. तेथे एक वही ठेवावी, ज्या बाईने आपल्याला वसतिगृहात जेवू घातले तिचे नाव, गाव आणि वर्ष प्रत्येकीकडून विचारून घ्यावे, आणि जेथे जुनी हजेरीपुस्तके व धान्याच्या नोंदवह्या शिल्लक असतील तेथे त्या रद्दीत जाण्यापूर्वी उतरवून घ्याव्यात.