रात्रभराचा वग आणि तीन मिनिटांची तबकडी

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेचा आणि आपल्या शिरूर-दौंडचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. तसा काहीच नाही. पण तिकडच्या संगीत नाटकांच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास वाचला आणि मन आपोआप इकडे वळलं.

१९४३ साली ‘ओक्लाहोमा!’ या नाटकाची गाणी सहा तबकड्यांच्या संचात आली. नाटकातलेच गायक, पण स्टुडिओत, प्रेक्षकांविना. पुढे १९७१ च्या ‘फॉलीज’ची गाणी एकाच रेकॉर्डमध्ये बसवण्यासाठी कापली, काही गाळलीच. रसिकांना ते इतकं लागलं, की १९८५ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये दोन दिवस त्या नाटकाची मैफल झाली. भरल्या सभागृहात सगळी गाणी पुन्हा मुद्रित केली, टाळ्यांसकट!

आता आपल्याकडे या. शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे तमाशा कलावंतांचं गाव. दौंड तालुक्यात सोलापूर रस्त्यावरचा चौफुला संगीत बारीच्या थिएटरांसाठी प्रसिद्ध. कवठ्याकडचा तमाशा ढोलकी फडाचा. तंबू घेऊन जत्रा-जत्रा फिरणारा. चौफुल्याची बारी एका जागी बसून, समोरच्याच्या फर्माईशीवर रंगणारी.

फडाचा तमाशा गण, गवळण, बतावणी असं करत वगापर्यंत पोचायचा आणि वग संपायला तांबडं फुटायचं. तबकडीच्या एका बाजूला मावायची तीन-साडेतीन मिनिटं! त्यात लावणी बसली, ती उरली. सोंगाड्या आणि मावशीची जुगलबंदी, सुरत्या-झीलकऱ्यांची उचल, ढोलकीवाल्याने आयत्या वेळी घेतलेला तोडा, हे सगळं बाहेर राहिलं. कॅसेट आल्यावर वेळ वाढला. वगाच्या कॅसेटी जत्रेत खपल्यासुद्धा. पण त्याही बहुतेक तासाभराच्या मापात बसवलेल्या.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. ब्रॉडवेच्या नाटकाची संहिता असते, स्वरलेखन असतं. ध्वनिमुद्रण गेलं तरी नाटक पुन्हा उभं करता येतं. आपल्या वगाचं कथानक ठरलेलं, पण संवाद बरेचसे जागेवर सुचणारे. मावळातल्या इंदोरीचे दादू इंदुरीकर ‘गाढवाचं लग्न’ करायचे. ते १९८० साली गेले. तो वग पुढे इतरांनी केला, गाजवलाही. पण गावातली ताजी भानगड पकडून दादूंनी त्या रात्री जे म्हटलं, ते कुठून आणणार? म्हणजे तिथे ध्वनिमुद्रण ही नाटकाची आठवण नव्हती, तीच नाटकाची एकमेव प्रत ठरली असती.

कवठ्याच्या बी. के. मोमीन कवठेकरांनी फडांसाठी गाणी लिहिली, वग लिहिले. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव त्यांना मिळाला. २०२१ मध्ये ते गेले. त्यांचे शब्द कागदावर आहेत, हे आपलं भाग्य. पण कागदावर शिट्टी ऐकू येत नाही, आणि पब्लिक हसल्यावर सोंगाड्या किती वेळ थांबला तेही कळत नाही.

फडमालकांचीही बाजू आहे. सगळा वग फुकट ऐकायला मिळाला तर तंबूचं तिकीट कोण काढणार? रास्त आहे. पोट त्यावरच आहे. तेव्हा मुद्रण करायचं तर त्यांना विचारून आणि मोबदला देऊन.

गंमत बघा, आज प्रत्येकाच्या खिशात रात्रभर मुद्रण करू शकणारं यंत्र आहे. आणि जत्रेत आपण काय टिपतो? लावणीतली अर्धा मिनिटाची गिरकी. तबकडीला तीन मिनिटांचं बंधन होतं, आपल्याला कसलंच नाही. तरी आपण तिच्याहून थोडकं घेऊन घरी येतो. वग सुरू होतो तेव्हा फोन खिशात गेलेला असतो.

या मोसमात एखाद्या गावच्या यात्रा कमिटीने सुपारी ठरवतानाच फडाशी बोलून एक अख्खी रात्र, गणापासून वगाच्या शेवटापर्यंत, नीट मुद्रित करून ठेवली तर? खर्च फार नाही. एक माणूस पहाटेपर्यंत जागा राहिला पाहिजे, एवढंच.