काडतूस : शब्द आणि शक्ती

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्यापाशी समुद्रास मिळते. त्या मुखावर १७४० पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. पेण-रोह्याकडे सहज कळणारा ‘काडतूस’ हा शब्द मूळचा त्यांचाच. तो याच एका वाटेने आला असे मात्र नव्हे, वसई-गोवेही होतेच. शब्दाच्या पोटी कागद आहे, कारण दारू व गोळी कागदात गुंडाळीत. हिंदीने ‘कारतूस’ राखले. मराठीने रकाराचा डकार केला.

गोळी लागली की माणूस कोसळला, ही आपली भाषिक समजूत इतिहासास मान्य नाही. पिस्तुलाच्या गोळीचा वेग रायफलीच्या गोळीहून पुष्कळ कमी. ती मेंदू, मज्जारज्जू वा हृदय गाठते की नाही, यावरच आत्मरक्षकाची भिस्त असते. नुसत्या दारूच्या जोराने भागत नाही. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंच्या गोळ्यांनी आयर्स्ट तत्काळ मेला. रँड ३ जुलैपर्यंत जगला. २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी अगदी जवळून गोळी झाडली, तरी हंगामी गव्हर्नर हॉटसन बचावला.