तळटीप : समालोचकाचा अधिकार

मुकुंदवाडीच्या प्रकरणात एका पात्राच्या तोंडी ‘ह्यानं स्वतः किती धावा काढल्या?’ असा टोमणा आहे. रोख समालोचक संजय मांजरेकरांवर आहे. कसोटीपटू विजय मांजरेकरांचे हे चिरंजीव १९८७ ते १९९६ दरम्यान ३७ कसोटी सामने खेळले. धावा २०४३, शतके चार. त्यांत १९८९ चे लाहोरचे २१८ आणि त्याच वर्षी वेस्ट इंडीजच्या मार्शल-अँब्रोजसमोर ब्रिजटाऊनला काढलेले शतक येते. म्हणजे टोमणा तसाही पोकळच. पण खरा प्रश्न आकड्यांचा नाही. समालोचकाने खेळाचे जे निदान केले, त्याची पारख त्या निदानावरूनच व्हावी. धावांवरून अधिकार ठरणार असेल, तर एकही कसोटी न खेळलेल्या समालोचक हर्षा भोगलेंना ध्वनिक्षेपकाजवळ फिरकताही आले नसते.

यावर आक्षेप येतो तो २०१९ च्या विश्वचषकाचा. मांजरेकरांनी रवींद्र जडेजाला दुय्यम लेखले. आपण त्यांच्या दुप्पट सामने खेळलो, असे जडेजाने सुनावले आणि उपांत्य सामन्यात ५९ चेंडूंत ७७ धावा ठोकल्या. अंदाज सपशेल चुकला, हे मांजरेकरांनी मान्यही केले. मात्र तो खोडून काढला त्या खेळीने, सामन्यांच्या संख्येने नव्हे. गंमत अशी की, त्याच वर्षी कोलकात्याच्या गुलाबी चेंडूच्या कसोटीत मांजरेकरांनी भोगलेंना ‘आम्ही खेळलेलो आहोत’ याच थाटात गप्प केले. पुढे त्यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. मार्च २०२० मध्ये क्रिकेट मंडळाने त्यांना समालोचकांच्या चमूतून वगळले. त्याच वर्षअखेरीच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ते पुन्हा समालोचन करीत होते. — संपादक