कोलिस्टिन : अखेरचे औषध आणि अन्नसाखळी
कोलिस्टिन हे पॉलिमिक्सिन गटातील प्रतिजैविक आहे. इतर औषधे निष्प्रभ ठरल्यावर गंभीर जिवाणुसंसर्गावर अखेरचा उपाय म्हणून ते दिले जाते. मात्र कोंबड्या व डुकरांची वाढ झपाट्याने व्हावी, यासाठी ते पशुखाद्यातही मिसळले जात असे. त्याला न जुमानणारे जिवाणू प्राण्यांच्या आतड्यात टिकतात आणि कच्च्या मांसावाटे स्वयंपाकघरात पोहोचतात. चीनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये ‘एमसीआर-१’ हे प्रतिकारक जनुक उजेडात आणले. ते प्लाझ्मिडवर असल्याने एका जिवाणूतून दुसऱ्यात जाते. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता कोलिस्टिनच्या उत्पादन, विक्री व वितरणास मनाई केली. मांस पुरते शिजवल्यास प्रतिकारक जिवाणूही मरतात. मात्र ते कापलेली सुरी न धुता कोशिंबिरीला लावल्यास ते पोटात जातात.